स्मृतिरक्षणाची खरी वेळ
म्हातारपणी बुद्धी भ्रमायचीच, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती पूर्णांशाने खरी नाही. शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. साखरेचे चयापचय बिघडले आणि रक्तवाहिन्या झिजल्या, की त्याची झळ स्मृतीलाही पोहोचते. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे जे १४ धोके नोंदविले, त्यांत मध्यम वयातील मधुमेह, उच्च रक्तदाब व स्थूलता आहेत.

मात्र यावरून ‘स्मरणवर्धक’ आहाराचा बाजार मांडणे अप्रामाणिकपणाचे होय. अमेरिकेत ६०४ ज्येष्ठांवर तीन वर्षे झालेल्या चाचणीत (२०२३) ‘माइंड’ आहार घेणाऱ्यांना, केवळ बेताने खाणाऱ्यांपेक्षा लक्षणीय अधिक लाभ झाला नाही. उलट, फिनलंडमध्ये आहाराला व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींवरील देखरेख यांची जोड दिली, तेव्हा थोडा का होईना, लाभ दिसला (२०१५).

भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आहे. तेव्हा प्रश्न बदाम किती खावेत हा नसून, चाळिशीतील शिक्षकाची, कारकुनाची, शेतमजुराची रक्तशर्करा वेळेवर तपासली जाते काय, हा आहे. ती व्यवस्था गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून उभी राहिली नाही, तर उद्याच्या शुश्रूषेचा भार घरोघरच्या स्त्रियांच्याच माथी येईल.