गुडघा सुजलाय? आधी पोटाचं आठवा

पावसाळा लागला की मालाड सबवेत पाणी भरतं आणि घराघरांत जुलाब सुरू होतात. दोन-तीन दिवसांत पोट बरं होतं, तुम्ही विसरून जाता. पुढे दोन-तीन आठवड्यांनी एक गुडघा टम्म फुगतो, घोटा दुखतो, सकाळी टाच जमिनीला टेकवत नाही. तुम्ही थेट लॅबमध्ये जाऊन 'आर्थ्रायटिस प्रोफाइल' करून घेता. त्यात एएसओ जरा वाढलेलं निघतं आणि हातात दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायची चिठ्ठी पडते.

माझं भांडण या चिठ्ठीशी आहे.

एएसओ वाढलं म्हणजे स्ट्रेप्टोकोकस या जंतूशी तुमच्या शरीराची अलीकडे कधीतरी गाठ पडली, इतकंच. लोकलच्या गर्दीत रोज उभं राहणाऱ्याच्या बाबतीत यात नवल ते काय? स्ट्रेप्टोकोकसमुळे येणारा ऱ्हुमॅटिक फीवर हा मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा आजार. तिथे हृदयाची झडप वाचवायला पेनिसिलिन लागतंच. (तुमच्या मुलाला ते त्यासाठी चालू असेल, तर हे वाचून बंद करू नका!) पण जुलाबानंतर सुजलेल्या चाळिशीतल्या गुडघ्याचा त्याच्याशी काय संबंध?

तो गुडघा बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिसचा असतो. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर, येर्सिनिया हे आतड्यातले जंतू, किंवा लैंगिक संबंधातून येणारा क्लॅमिडिया, हे त्याचे नेहमीचे आरोपी. जंतूंशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती लढाई संपल्यावरही शांत होत नाही आणि सांध्यावर घसरते. सांध्यातलं पाणी कल्चरला पाठवलं तर त्यात जंतू वाढत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडच्या सैन्यात शिगेलाच्या हगवणीची साथ आली होती. त्यानंतर सांधे धरलेल्या ३४४ रुग्णांची नोंद पारोनेन या डॉक्टरने १९४८ साली प्रसिद्ध केली. म्हणजे ही माहिती काही आजची नाही.

म्हणून पॅकेजआधी प्रश्न हवेत. गेल्या महिन्यात जुलाब झाले? लघवीला जळजळ? डोळे लाल? शेवटचे दोन प्रश्न बायको किंवा आई शेजारी बसलेली असताना विचारले की पेशंट 'नाही' म्हणतो, म्हणून मी ते एकट्याला विचारते. क्लॅमिडिया निघाला तर अँटिबायोटिक द्यायलाच हवं, आणि जोडीदारालाही. जुलाबानंतरच्या सांधेदुखीत मात्र अँटिबायोटिकचे कोर्समागून कोर्स घेऊन सांधा लवकर बरा होत नाही. सूज कमी करणारी गोळी (किडनी आणि पोट तपासून), गरज पडल्यास पाणी काढणं आणि धीर, इतक्यावर बहुतेक जण काही महिन्यांत सावरतात. थोड्यांचा आजार रेंगाळतो, त्यांनी संधिवाततज्ज्ञ गाठावा. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नका. धडधाकट माणसांतही ते सापडतं.

पण ताप आहे, एकच सांधा गरम आहे आणि हलवताच येत नाही, तर सांध्यात जंतू शिरून पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सुईने पाणी काढून तपासल्याशिवाय त्या सांध्यात स्टिरॉइड टोचून घेऊ नका. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडेही त्याच दिवशी जा.

आणि डॉक्टरकडे जाताना फाइलवर दोन तारखा लिहून न्या: जुलाब कधी झाले, सांधा कधी सुजला.