नियम कोणी केला?

उन्हाळ्यात परभणीच्या एखाद्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो तेव्हा काय होते, ते तुम्ही पाहिले असेल. टँकर येण्याआधीच घागरी, हंडे, बादल्या ओळीने मांडलेल्या असतात. माणसे सावलीत बसतात. रांगेत उभी असतात ती भांडी! तरी सहसा कोणी दुसऱ्याची घागर मागे सारत नाही. कोणी सारलीच, तर चारचौघी त्याला चांगले सुनावतात. हा नियम कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही. तिथे पोलीसही नसतो. मग तो पाळला का जातो? आज माझी घागर पुढे आहे, उद्या ती मागे असेल, हे प्रत्येकाला कळते म्हणून.

पिण्याच्या पाण्याबाबत आपले मन सहसा चटकन साफ होते. मोहरममध्ये सबील लावतात, उन्हाळ्यात पाणपोई घालतात. तिथे तहानलेल्याला नाव-गाव विचारत नाहीत. इस्लामी कायद्याच्या जुन्या ग्रंथांत पाण्याचे दोन हक्क वेगळे मानले आहेत. ‘शफा’ म्हणजे तहान भागवण्याचा हक्क. तो सर्वांचा, जनावरांचासुद्धा. ‘शिर्ब’ म्हणजे शेताला पाणी देण्याचा हक्क. तिथे मात्र वाटणी आणि पाळी आली. खरे भांडण या दुसऱ्या हक्कापाशी सुरू होते.

बोअरचेच पाहा. एकाने दोनशे फूट बोअर घेतले की शेजारी तीनशे फूट घेतो. मग पहिल्याचे आटते. शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ नये, असा नियम महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात आहे. नियम चांगला आहे. पण बोअरची गाडी गावात येते, रात्रभर धडधडते आणि सकाळी निघून जाते. कोणी कोणाला हटकत नाही, कारण तो नियम ‘सरकारचा’ असतो, गावाचा नसतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने वेगळे केले. 1990 नंतर तिथल्या ग्रामसभेने स्वतःच ठरवले, की शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही आणि उसासारखी फार पाणी पिणारी पिके लावायची नाहीत. पाऊस किती पडला ते मोजून गाव दरवर्षी पिकांचा विचार करते. बंदी तीच, पण इथे ती घालणारे आणि पाळणारे एकच होते.

तर मग सगळ्या गावाने ठरवले, की झाला तो नियम योग्य? थांबा. इथे घाई करू नका. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आठवा. त्या तळ्यावर अस्पृश्य मानलेल्या लोकांनी पाणी भरायचे नाही, असा गावाचा नियम होता. जनावरे तिथे पाणी पीत, ही माणसे मात्र नाही! 1923 साली मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला. तरी तळे बंदच राहिले. शेवटी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर जमावाने परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण केली. मारणाऱ्यांना आपण रूढी सांभाळतो, म्हणजे चांगलेच काम करतो, असे वाटत होते. पण ती रूढी ज्यांच्यावर लादली होती, त्यांना कोणी कधी विचारले होते?

म्हणून माझे मत असे आहे, की नियम किती जणांना मान्य आहे एवढेच पाहू नये. तो ज्यांना सोसावा लागतो, ते ठरवताना हजर होते का, हे आधी पाहावे.

हे अशक्य नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीच्या आकारावर नव्हे, घरातील माणसांवर वाटले. माणशी अर्धा एकर, आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याच्याकडे शेत नाही, त्यालाही पाण्यात वाटा दिला. पंचवीस एकरवाल्याला हे सोपे गेले असेल, असे मला वाटत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून परभणी जिल्ह्यात येतो. म्हणजे आपण त्याच्या टेलकडचे लोक. पाणी आधी टेलला द्यावे आणि मग वर सरकत जावे, अशी वाटपाची रीत सांगितलेली आहे. वरच्याचे शेत भिजले, की खालच्याची त्याला आठवण राहत नाही, हे जाणूनच ती रीत केली असावी. 2005 च्या कायद्याने हे वाटप शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे दिले. ते चांगलेच झाले. पण संस्थेचे सभासदत्व जमिनीला जोडलेले आहे. जी बाई रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन पिकाला पाणी देते, तिचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर तिला तिथे मत नाही. शेतमजुरालाही नाही. तुमच्या गावात अशी संस्था असेल, तर तिच्या सभेला एकदा जाऊन बसा आणि तिथे कोण कोण आलेले नाही, ते मोजा.