भिंतीच्या पोटातलं

भिंतींना कान असतात म्हणे. कानांचं मला माहीत नाही, पण हल्लीच्या भिंतींना पोट मात्र नक्की असतं! पूर्वी वायरिंग लाकडी पट्ट्यांवरून उघडं जायचं आणि नळाचे पाइप भिंतीबाहेरून. दिसायला ओबडधोबड, पण खिळा कुठे ठोकायचा नाही हे घरातलं शेंबडं पोरही सांगायचं. आता सगळं कन्सील्ड. आत काय दडलंय ते ड्रिल आत शिरल्यावरच कळतं.

म्हणून भिंतीतल्या गोष्टी शोधणारं यंत्र घ्यायचं अनेकांच्या मनात असतं. आमचे अमेरिकेतले आप्त तर आवर्जून विचारतात, "येताना स्टड फाइंडर आणू का?" मंडळी, माझं स्पष्ट मत: आणू नका.

यंत्र वाईट नाही, आपली भिंत वेगळी आहे. तिकडची घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. साधारण दर 16 इंचांवर (कधी 24) एक उभा लाकडी दांडा, तोच स्टड, आणि त्यावर सहसा अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड. जड टीव्ही टांगायचा तर तो दांडाच गाठावा लागतो. बोर्डामागे पोकळी आहे की भरीव लाकूड, एवढं ते यंत्र ओळखतं. चुंबकवालं तर आणखी साधं, ते बोर्डाचे स्क्रू शोधतं आणि त्याला बॅटरीही लागत नाही. तिकडे राहणाऱ्यांनी जरूर घ्यावं. पण आपल्या विटांच्या भरीव भिंतीत बिचारं शोधणार काय?

आपल्याला दांडा गाठायचा नसतो, वायर आणि पाइप चुकवायचे असतात. तेव्हा खोक्यावर तीन गोष्टी बघा. धातू ओळखतं का, चालू वीज ओळखतं का आणि किती खोलीपर्यंत. तरीही मेख आहेच. कॉलम-बीमवर फिरवलं की आतल्या सळयांमुळे ते जागोजागी ओरडतं. उलट सीपीव्हीसीचा पाइप धातू शोधणाऱ्या यंत्राला दिसतच नाही. बॉशच्या डी-टेक्ट 120 सारखी रडारवाली यंत्रं पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा पाइपही दाखवतात, पण वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याने एवढा खर्च कशाला करावा? त्यापेक्षा सोसायटीने मिळून एक घ्यावं, गच्चीच्या किल्लीसारखं ऑफिसात ठेवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वीज ओळखणाऱ्या यंत्राला फक्त *चालू* वायर कळते. दिव्याचं बटण बंद असेल तर बटणापासून दिव्यापर्यंतची वायर त्याच्या लेखी नाहीच. म्हणून शोधताना खोलीतली सगळी बटणं चालू ठेवा आणि भोक पाडताना त्या खोलीचा एमसीबी बंद करा. ड्रिलसाठी वीज दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शनने घ्या. लोक नेमकं उलटं करतात!

शिवाय यंत्र गप्प बसलं म्हणजे भिंत रिकामी, असं मुळीच नाही. लोखंडी पाइपातून गेलेली वायर त्याला चकवते. ओल आलेल्या भिंतीवर ते भलतीकडेच वाजतं. त्यामुळे स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळ-गीझरच्या रेषेत ड्रिल नकोच, यंत्र काहीही म्हणो. आमचे वायरमन कधीकधी तिरका शॉर्टकट मारतात, तो मुद्दा आहेच.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पाइप फुटला तर खालच्यांचं छत खराब होतं, भांडण होतं, पैसे जातात. ते निस्तरता येतं. पण स्टुलावर ड्रिल घेऊन उभे बहुतेक वेळा आपण नसतोच. पडदे लावायला आलेला एखादा विशीतला पोरगा असतो. 230 व्होल्टशी गाठ त्याची पडणार असते, आणि आपण आतून "चहा घेणार का?" विचारत असतो. भिंत आपली आहे, तर तिच्या पोटातलं त्याला सांगायची जबाबदारीही आपलीच.

ज्यांचं घराचं काम सध्या चालू आहे, त्यांना तर यंत्राचीही फारशी गरज नाही. प्लॅस्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फुकटात होतं आणि कुठल्याही यंत्रापेक्षा खात्रीचं. नंतर घर विकलंत तर चाव्यांबरोबर ते फोटोही द्या.