मनोरा कशाला?

सिव्हिलवाल्यांनो, जुनं फायर स्टेशन म्हटलं की काय दिसतं? कमानी, विटा आणि एक उंच मनोरा. शोभेसाठी बांधलाय, असं म्हणून आपण पुढे जातो. पण मित्रांनो, तो कामाचा होता! आगीवरून परत आल्यावर कॅनव्हासचे ओले पाइप त्यात उभे टांगून वाळवायचे, नाहीतर कुजायचे. शिवाय वरून धूर कुठे निघतोय तेही दिसायचं. फोन घरोघर नव्हते ना तेव्हा!

जवान वरच्या मजल्यावर, घोडे आणि बंब खाली. जिना उतरण्यात वेळ जायचा, म्हणून १८७८ साली शिकागोच्या कॅप्टन डेव्हिड केनियनने घसरून उतरायला लाकडी खांब बसवला. आधी लोक हसले, मग त्यांनीच नक्कल केली.

अशा इमारतीत हॉटेल काढून बाहेर ‘हेरिटेज’ची पाटी लावणं मला तरी पटत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. ते निघाले होते असल्याच दारांतून. तिथे आता कॉफी प्यायची?

सिंगापूरचं हिल स्ट्रीटवरचं सेंट्रल फायर स्टेशन १९०८ मध्ये पुरं झालं, १९९८ पासून राष्ट्रीय स्मारक आहे, आत प्रदर्शन आहे, आणि बंब अजून तिथूनच सुटतात. नव्या गाड्या मोठ्या, जुनी दारं अरुंद, ही अडचण खरी. मग मागे नवी शेड बांधा की! इंजिनिअर कशाला होतोय आपण?