कूलर, घाम आणि फक्त ३४ अंश

गेल्या शनिवारी आमच्या ठाण्याच्या घरात नागपूरहून कूलर दाखल झाला. सोबत अर्थात बाबा. "एसी कायले पाहिजे? कूलर लाव अन् मस्त झोप!" हा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत. नागपूरच्या ४४ अंशांत आम्ही कूलरसमोर बसूनच अभ्यास केला होता, त्यामुळे मीही गप्प बसलो.

दोन तासांत हॉलची दलदल झाली. पापड मऊ, चादरी ओलसर आणि बाबा बनियनवर घामाघूम. "अरे, पण बाहेर तर ३४च आहे ना?"

प्रश्न एकदम रास्त. उत्तर पाण्याच्या रेणूत आहे.

शाळेत आपण काय पाठ केलं? पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणजे काय काय नाही याचीच यादी! खरी गंमत अशी की पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. एकेकटा बंध तसा कमजोर, पण सगळे मिळून भारी पडतात. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा, तरी उणे ६० अंशांनाच त्याचा वायू होतो. पाणी मात्र १०० अंशांपर्यंत द्रव राहतं. ही चिकाटी नसती तर ना समुद्र, ना रक्त, ना तुम्ही-आम्ही.

आणि ही मिठी सोडवून हवेत उडायचं तर किंमत मोजावी लागते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला १ कॅलरी पुरते, पण त्वचेवर त्याची वाफ व्हायला सुमारे ५८० लागतात! ही उष्णता ते आपल्या अंगातून घेतं. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता तयार करतो, एका जुन्या पिवळ्या बल्बइतकी. ती सगळी घालवायला तासाला फक्त दीडशे मिली घाम पुरतो... पण तो वाळला तर. गारवा घाम आल्याने मिळत नाही, वाळल्याने मिळतो. टपकून गेलेला घाम फुकट. नागपूरची कोरडी हवा वाफ पटकन घेते. ठाण्याची हवा आधीच भरलेली. म्हणजे रिक्वेस्ट जातेय, पण समोरचा सर्व्हर फुल्ल!

थर्मामीटरच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळलं की जे तापमान दिसतं, ते खरं महत्त्वाचं. ते ३५ झालं तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत संकटात येतो, असं २०१० मध्ये मांडलं गेलं. २०२२ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत, दमट हवेत तरुणांच्या शरीराचा तोल ३१च्या आसपासच ढळू लागला.

तरी आपण अजून कोरड्या आकड्यावरच निर्णय घेतो. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी लाखो माणसं तासन् तास उन्हात बसली. डझनाहून जास्त लोक उष्माघाताने गेले. पारा तेव्हा ४० सुद्धा नव्हता.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनची केबिन पत्र्याची आहे. मागच्या मीटिंगला मी विषय काढला तर उत्तर आलं, "३४ला काय होतंय? आणि हवं तर जुना कूलर देऊ." सगळे एसीत बसून बोलत होतो, मीसुद्धा.

माझं मत साधं आहे. उन्हाळ्यात कुणाचं काम ठरवताना तापमानाबरोबर दमटपणाही बघायलाच हवा. दमट गावात कूलर नको. सावली हवी, वारा खेळता हवा, दुपारी सुट्टी हवी आणि प्यायला पाणी हवं. यात लाखो रुपये जात नाहीत.

असो. उद्याच्या मीटिंगला पत्र्यावर शेड आणि केबिनमध्ये पंखा, हे दोन ठराव मी मांडणार आहे. बाबा पाठिंबा द्यायला येतायत. कूलर मात्र परत नागपूरला चाललाय.