मुलांना जाऊ देणारा बाप



मागच्या महिन्यात आमचा धाकटा नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याला गाडीत बसवून आल्यापासून त्याचे अब्बा गप्प गप्प होते. रविवारी मीच म्हटलं, चला, पवनारला जाऊन येऊ. वर्ध्याहून आठ-दहा किलोमीटर. धाम नदीच्या काठी दगडावर बसलो. वर विनोबा भाव्यांचा आश्रम. विनोबांनी मूळ अरबी शिकून कुरआनाचा अभ्यास केला आणि पुढे त्यातल्या निवडक आयतींचं संकलन केलं, हे आपल्या घरांतून माहीत आहे. पण त्या दिवशी मला आठवले ते त्यांचे वडील, नरहर शंभुराव भावे.

मूळ गाव कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलं गागोदे. नोकरी बडोद्याला. कापड रंगवण्याच्या रसायनांचे प्रयोग करायचा त्यांना नाद होता. बायकामुलं गावी असताना एकदा दिवाळीला ते आले. लेकराला वाटलं, अण्णांनी मिठाई आणली. पुडकं सोडलं तर आत लहान मुलांसाठीचं रामायण आणि महाभारत! आईने मुलाला समजावलं की याहून चांगला खाऊ नसतो. विनोबांनी ही गोष्ट म्हातारपणापर्यंत सांगितली.

बाप शिस्तीचा होता, मारायचाही. मग एके दिवशी मार अचानक थांबला. मुलगा सोळा वर्षांचा झाला होता. आता तो बरोबरीचा, मित्रासारखा, असं वडिलांनी मनाशी ठरवलं होतं.

1916 साली तो मुलगा परीक्षेसाठी म्हणून मुंबईला निघाला, सुरतला उतरला आणि थेट काशीला गेला. त्याच वर्षी तो गांधीजींकडे पोहोचला. गांधीजींनी वडिलांना पत्र लिहून मुलाचं कौतुक कळवलं. 1918 साली आई, रुक्मिणीबाई, वारल्या. पुढे बाळकोबा आणि शिवाजी हे भाऊही त्याच वाटेने गेले. तिघांपैकी एकानेही लग्न केलं नाही. ज्या बापाने घर उभं केलं, त्याच्या या मुलांनी स्वतःचा संसार थाटला नाही. तरी त्याने मुलांची वाट अडवली नाही.

मग एकटेपणाचं त्यांनी काय केलं? उतारवयात ते एका मुस्लिम उस्तादांकडे गाणं शिकायला बसले. तासन् तास रियाज करायचे. ही विद्या उस्तादांबरोबर संपू नये म्हणून पदरचे पैसे घालून पुस्तकं छापली. शेख राहत अली यांच्या ठुमऱ्यांचा संग्रह त्यातलाच. घरातली मुलं दूर गेली, तेव्हा या माणसाने दुसऱ्याच्या घरची ठेव जपली.

1947 साली धुळ्यात, मुलगा शिवाजी यांच्याजवळ, त्यांनी डोळे मिटले. अस्थी गोदावरीत सोडाव्यात असं लोक म्हणाले. विनोबांनी त्या नदीत न सोडता मातीत ठेवल्या आणि वर तुळस लावली. मातीचं मातीला दिलं. आपण कब्रस्तानात मूठ मूठ माती देणारी माणसं. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "माझे अब्बासुद्धा मला एसटीत बसवून असेच परतले असतील. मी कधी विचारलंच नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. त्या संध्याकाळी मगरिबनंतर ह्यांनी त्यांच्या मगफिरतीसाठी दुआ केली आणि मग पुण्याला फोन लावला. जेवलास का, एवढंच विचारलं.

आईच्या मायेवर आपण पुष्कळ बोलतो, आणि ते खरंच आहे. बापाची माया मात्र बहुतेक वेळा दारात उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत असते. ज्यांचे अब्बा हयात आहेत त्यांनी आज त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसावं. त्यांच्या जवानीतली एखादी गोष्ट विचारावी. ज्यांचे नाहीत, त्यांनी हात उचलावेत.

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या वालिदैनवर रहम करो. आमीन.