साडेतीन तास आणि एक फोन

आधीच सांगून टाकतो. ज्यांनी 'द आयरिशमन' पाहिलेला नाही आणि ज्यांना शेवट आधी कळलेला आवडत नाही, त्यांनी इथूनच मागे फिरावं. सिनेमा २०१९ चा आहे, त्यामुळे मला फारसं अपराधी वाटणार नाहीये.

तर नोव्हेंबर २०१९. सिनेमा नेटफ्लिक्सवर येऊन तीन दिवस झाले होते आणि वीकांत होता. स्कॉर्सेसी, डी नीरो, पचिनो आणि जवळजवळ निवृत्तीतून बाहेर काढलेला जो पेशी, म्हणजे 'गुडफेलाज' पाठ असलेल्या आमच्यासारख्या पब्लिकला दिवाळीच. चौघं माझ्या फ्लॅटवर जमलो, बिर्याणी मागवली, दिवे बंद केले. पहिल्या तासाला एकजण मोबाइलमध्ये शिरला. दुसऱ्या तासाला दुसरा सोफ्यावर घोरायला लागला. अडीच तासांच्या आसपास कोणीतरी म्हणालं, "उरलेला उद्या बघू रे." तो उद्या काही आला नाही. सोमवारी हापिसात जेवताना मात्र मी ठणकावून सांगितलं, "चांगलाय, पण फार लांबलाय. एडिटिंग नावाची काही गोष्ट असते की नाही?" शेवटचा तास न बघता, बरं का!

असं करणारा मी एकटा नव्हतो. तेव्हा ट्विटरवर कोणीतरी या सिनेमाचे चार भाग पाडून दिले होते, कुठे थांबायचं त्या मिनिटांसकट, म्हणजे मालिकेसारखा चार रात्रीत बघून संपवता येईल. लोकांनी आनंदाने ते फिरवलं. इकडे सत्त्याहत्तर वर्षांचा स्कॉर्सेसी हात जोडून सांगत होता की बाबांनो, निदान फोनवर तरी बघू नका.

आता थोडी आकडेमोड, सवय जात नाही. नेटफ्लिक्सने सांगितलं की पहिल्या सात दिवसांत २ कोटी ६४ लाख घरांनी हा सिनेमा पाहिला. 'पाहिला' म्हणजे काय? तर किमान ७० टक्के पाहिला. (२०२० च्या जानेवारीपासून त्यांनी तीही अट सोडली आणि दोन मिनिटं पाहिलं तरी मोजायला लागले. पुढे तेही बदललं.) सिनेमा २०९ मिनिटांचा. त्याचे ७० टक्के म्हणजे साधारण १४६ मिनिटं, म्हणजे २ तास २६ मिनिटं. आणि २ तास २६ मिनिटांना जिमी हॉफा अजून जिवंत असतो!

म्हणजे त्या हिशेबात 'पाहिला'च्या रकान्यात अशीही माणसं बसतात ज्यांनी हॉफाचा खून पाहिला नाही, फ्रँकचं म्हातारपण पाहिलं नाही, काहीच पाहिलं नाही. त्यांनी एक गँगस्टरपट पाहिला, जरा संथ. मीही त्याच रकान्यात होतो आणि तिथूनच मत देत होतो.

पूर्ण सिनेमा मी पाहिला तो २०२३ च्या पावसाळ्यात, एकट्याने, एका बैठकीत. का पाहिला ते पुढे येईलच.

गोष्ट थोडक्यात अशी. फ्रँक शीरन हा मांस पोचवणारा ट्रक ड्रायव्हर. तो रसेल बुफालिनो नावाच्या माफिया म्होरक्याच्या मर्जीत बसतो, त्याच्यासाठी माणसं मारतो. रसेल त्याला टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या बलाढ्य युनियनच्या अध्यक्षाकडे, जिमी हॉफाकडे पाठवतो. फ्रँक हॉफाचा अंगरक्षक होतो, मग जिवलग होतो. आणि शेवटी रसेलच्या सांगण्यावरून त्यालाच गोळी घालतो. खरा हॉफा ३० जुलै १९७५ ला डेट्रॉईटजवळच्या एका हॉटेलबाहेरून नाहीसा झाला तो कायमचा. खऱ्या शीरनने मरण्यापूर्वी हा खून आपणच केल्याचं चार्ल्स ब्रँटला सांगितलं, त्याचं पुस्तक २००४ मध्ये आलं. बऱ्याच जाणकारांना ती निव्वळ थाप वाटते. असेलही. सिनेमाला त्याने फरक पडत नाही असं माझं मत.

लोकांच्या तक्रारींपैकी एक मला शंभर टक्के मान्य आहे. आयएलएमने तीन कॅमेऱ्यांची जोडणी करून, तोंडावर ठिपके न चिकटवता नटांना तरुण केलं. इंजिनिअर म्हणून मी त्याला सलाम करतो. पण फ्रँक मुलीला ढकलणाऱ्या किराणावाल्याला फुटपाथवर तुडवतो तो प्रसंग बघा. चेहरा चाळिशीतला आणि लाथ पंच्याहत्तरीतली! सॉफ्टवेअर सुरकुत्या पुसतं, गुडघे नाही बदलत. तिथे हसू येतंच.

दुसरी तक्रार पेगीची. फ्रँकची ही मुलगी मोठी झाल्यावर ॲना पॅक्विन आहे आणि तिला अख्ख्या सिनेमात मोजून दोन-तीन वाक्यं. एवढी चांगली नटी आणि गप्प उभी? या टीकेतला अर्धा भाग खरा आहे. रसेलच्या आणि फ्रँकच्या बायका तर गाडीत बसून सिगरेटी ओढण्यापलीकडे फार काही करत नाहीत, आणि त्याचं समर्थन मला जमणार नाही. पण पेगीचं तसं नाही. लहानपणापासून ती बापाकडे नुसती बघते. रसेलने कितीही लाडीगोडी लावली तरी त्याला जवळ येऊ देत नाही. हॉफाबरोबर मात्र आइस्क्रीम खाते, खुलते. घरात सगळं कळलेली ती एकटीच आहे, आणि कळलेलं बोलायचं नसतं हे त्या घरातच ती शिकलीय.

मग तो प्रसंग. हॉफा बेपत्ता झाल्याची बातमी टीव्हीवर चालू आहे. फ्रँक म्हणतो, जोला, म्हणजे हॉफाच्या बायकोला, फोन करायला हवा. पेगी विचारते, अजून का नाही केलास? बस्स. एवढंच. आणि मग फ्रँक फोन करतो. ज्या बाईच्या नवऱ्याला त्याने स्वतःच्या हाताने मारलंय तिला धीर देतो. काळजी करू नकोस, येईल तो, असं काहीबाही. शब्द अडखळतात, वाक्यं पुरी होत नाहीत. डी नीरो इथे काय करतो ते लिहून सांगता येणार नाही.

मी तिथे सिनेमा थांबवला. ह्यावेळी झोप आली म्हणून नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या कंपनीत कपात झाली होती. माझ्या टीममधून एकाला जायचं होतं, आणि कोणाला ते मला तीन आठवडे आधी माहीत होतं, कारण नावापुढे कारण मीच लिहिलं होतं. ते तीन आठवडे मी रोज त्याच्यासोबत जेवलो. त्याने नवीन फ्लॅटच्या टाइल्सचे फोटो दाखवले, मी "मस्त" म्हणालो. सांगायची परवानगी नव्हती, हे खरंय. पण नंतर फोन करायला कोणीच मनाई केली नव्हती. बायकोने दोनदा विचारलं, "केलास का रे त्याला फोन?" मी म्हटलं, करतो. रसेलचा निरोप म्हणून फ्रँक हॉफाला जे सांगतो, इट इज व्हॉट इट इज, ते वाक्य आमच्या मीटिंगमध्येही सर्रास वापरतात. मीही वापरलंय.

कुठे खून आणि कुठे नोकरी, तुलना हास्यास्पद आहे, मला कळतं. पण ह्या सिनेमाला 'पश्चात्तापाचा सिनेमा' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथूनच सुरू होतं. फ्रँकला पश्चात्ताप होत नाही हो! तीच तर पंचाईत आहे. वृद्धाश्रमात पाद्री त्याला पुन्हा पुन्हा विचारतो, काही वाटतं का? तो प्रामाणिकपणे शोधतो आणि त्याला काही सापडत नाही. सापडतो फक्त तो फोन. असा फोन कुठला माणूस करतो, एवढंच त्याला विचारावंसं वाटतं. गोळी टोचत नाही, फोन टोचतो.

आणि म्हणूनच त्या शेवटच्या अर्ध्या तासात 'काहीच घडत नाही' ही तक्रार मला आता उलटी वाटते. तुरुंगात दात नसलेला रसेल द्राक्षाच्या रसात पाव बुडवून खातो. फ्रँक स्वतःसाठी शवपेटी निवडायला जातो. पेगी बँकेत खिडकीवर काम करते, त्याला रांगेत बघून खिडकी बंद करून निघून जाते. नर्सला हॉफाचा फोटो दाखवला तर तिला तो कोण हेच माहीत नाही. ह्यातला एकेक प्रसंग सुटा बघितला तर रटाळ वाटेल. पण त्याआधीचे तीन तास तुम्ही ह्या माणसांसोबत गाडीतून फिरलेले असाल, मागच्या सीटवर मासा ठेवल्याने ती ओली का झाली यावरचं ते न संपणारं बोलणं ऐकलं असेल, तर तो पाव गिळवत नाही. ही लांबी कापून हा शेवट मिळत नाही. चार रात्रीत वाटून तर मुळीच नाही.

ऑस्करमध्ये ह्या सिनेमाला दहा नामांकनं होती आणि मिळालं शून्य. असो.

फोन मी केला, दुसऱ्या दिवशी. पाच महिने उशिरा. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य धड आलं नाही. तो अगदी छान बोलला, नवी नोकरी लागली होती, टाइल्सही बसल्या होत्या. यादीचं मला आधीपासून माहीत होतं हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. मग बोलायला काही उरलं नाही तेव्हा मी म्हटलं, 'आयरिशमन' पाहिलास का?

"अर्धा पाहिला," तो म्हणाला, "मग झोप लागली."